कोकणात गाडीच्या नोंदणीचा खर्च कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून येणाऱ्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी दिसते. शोरूमवाला ‘ऑन-रोड इतके’ असा एकच आकडा सांगतो आणि घेणारा त्या आकड्यावरच घासाघीस करत बसतो. खरं तर त्या आकड्यात तीन वेगळे गठ्ठे असतात: सरकारचा, विमा कंपनीचा आणि शोरूमचा. पहिल्यात एक रुपयाही कमी होत नाही, दुसऱ्यात बराच होतो आणि तिसऱ्यातला काही भाग देण्याचं कारणच नसतं. खालचे कराचे दर महाराष्ट्राचे, १ जुलै २०२५ पासूनचे आहेत.

१. ऑन-रोड किमतीत नोंदणीचा खर्च नेमका कोणता?

फक्त सरकारी गठ्ठा: एकरकमी मोटार वाहन कर (आपण त्याला रोड टॅक्स म्हणतो), नोंदणी शुल्क, आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) स्मार्ट कार्डाचे पैसे, कर्ज असेल तर बोजा, म्हणजे आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद, चढवण्याचं शुल्क आणि टपालखर्च. याची ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर निघालेली पावती तुमच्या नावावर मिळते. जी रक्कम या पावतीवर नाही, ती ‘आरटीओ’च्या नावाखाली मागितली जात असेल, तर ती कशाची हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विमा, फास्टॅग, अॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी यांचा नोंदणीशी संबंध एवढाच, की चालू विमा असल्याशिवाय नोंदणी होत नाही.

२. रोड टॅक्स किती टक्के बसतो?

व्यक्तीच्या नावावरच्या खासगी मोटारीसाठी:

| किंमत | पेट्रोल | डिझेल | सीएनजी / एलपीजी |
|---|---|---|---|
| १० लाखांपर्यंत | ११% | १३% | ८% |
| १० ते २० लाख | १२% | १४% | ९% |
| २० लाखांच्या वर | १३% | १५% | १०% |

कराची कमाल मर्यादा आता ३० लाख रुपये आहे, पूर्वी ती २० लाख होती. दर सगळ्या राज्यात एकच. पेणला (एमएच-०६), पनवेलला (एमएच-४६), रत्नागिरीला (एमएच-०८) किंवा ओरोसला (एमएच-०७) नोंदणी केली म्हणून कर कमी-जास्त होत नाही. कंपनीच्या नावावरच्या गाडीचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न १६ मध्ये.

३. हे टक्के कोणत्या किमतीवर? पन्नास हजारांची सूट मिळाली तर कर कमी होतो का?

जीएसटीसह एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा मिळवण्याआधीच्या किमतीवर. विमा आणि अॅक्सेसरीज त्यात धरत नाहीत. सूट बरेचदा एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट ऑफर किंवा अॅक्सेसरीजच्या रूपात येते आणि बिलावर किंमत पूर्णच राहते. मग कर पूर्ण किमतीवर लागतो. म्हणून अंदाज काढताना सूट बाजूला ठेवा आणि पूर्ण एक्स-शोरूम किमतीवरच टक्के लावा. सुटीतून कर वाचेल असं धरून पैसे जुळवलेत, तर ऐनवेळी चार-पाच हजार कमी पडतात.

किमतीबद्दल आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधीचं कोटेशन कुणी दाखवत असेल, तर ते बाजूला ठेवून नवं मागा. मूळ किंमत उतरली की त्यावरचा रोड टॅक्सही उतरतो.

४. माझी गाडी दहा लाखांच्या जरा वर जाते. काही फरक पडतो का?

खूप पडतो, आणि हे बुकिंगच्या आधी पाहायचं असतं. ९,९९,००० रुपयांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी १,०९,८९० रुपये कर. तीच गाडी वरच्या व्हेरियंटमध्ये १०,०५,००० ची झाली, की १२ टक्के पूर्ण किमतीवर लागतात, फक्त वरच्या पाच हजारांवर नाही. कर होतो १,२०,६००. त्यात दहा लाखांवरच्या गाडीला शोरूम १ टक्का टीसीएस (विक्रेत्यानं तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) कापतं, तोही पूर्ण रकमेवर, म्हणजे १०,०५० रुपये. किंमत वाढली सहा हजारांनी आणि खिशातून गेले जवळपास सत्तावीस हजार.

टीसीएस मात्र बुडीत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो किंवा परत मिळतो. त्यासाठी पॅन बरोबर दिला पाहिजे. गाडी मुलाच्या नावावर, पॅन वडिलांचा, असा घोळ झाला की तो परतावा मिळवताना दमछाक होते.

५. कर सोडून आरटीओची बाकीची फी किती?

मोटारीचं नोंदणी शुल्क ६०० रुपये. स्मार्ट कार्ड २०० रुपये. कर्जावर गाडी घेतलीत तर बँकेचा बोजा आरसीवर चढवण्याचे १,५०० रुपये. वर टपालाचे थोडे पैसे आणि करासोबत रस्ता सुरक्षा उपकराची छोटी ओळ. बाहेरून आयात केलेल्या गाडीचं नोंदणी शुल्क ५,००० रुपये. ‘आरटीओ फी आठ-दहा हजार’ असं कुणी कर सोडून सांगितलं, तर प्रश्न ९ वाचा.

६. एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

समजा, ८,५०,००० रुपये एक्स-शोरूम, ११९७ सीसी पेट्रोल, गुहागरच्या पत्त्यावर, बँकेचं कर्ज.

कर ११ टक्क्यांनी ९३,५००. नोंदणी ६००, बोजा १,५००, स्मार्ट कार्ड २००. झाले ९५,८००. उपकर आणि टपाल धरून ९६ ते ९८ हजार हाताशी ठेवा. हा झाला नोंदणीचा खर्च.

विम्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा) भाग सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता ठरलेला आहे: १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसी १०,६४०, त्यावर २४,५९६ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. आपल्या उदाहरणात १०,६४० चे जीएसटीसह १२,५५५ होतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग (ओन डॅमेज) कंपनीगणिक बदलतो. त्यासाठी विम्याची रक्कम, म्हणजे आयडीव्ही, नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. इथे ती ८,०७,५०० येते. कोटेशनमध्ये आयडीव्ही याहून बरीच कमी दिसली, तर हप्ता स्वस्त दिसण्यामागचं कारण तेच आहे.

७. सीएनजीला कर कमी आहे, मग तीच घेणं स्वस्त पडेल ना?

नोंदणीपुरतं बोलायचं तर वाचतं, पण वाटतं तेवढं नाही. वरच्याच गाडीचं सीएनजी मॉडेल ९,४५,००० चं धरा. कर ८ टक्क्यांनी ७५,६००, म्हणजे पेट्रोलपेक्षा १७,९०० कमी. पण गाडीच ९५ हजारांनी महाग आहे. उरलेले ७७ हजार इंधनातून वसूल व्हायला हवेत. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि गणपतीत मुंबईच्या गाड्या उतरल्या की तिथे रांग किती लागते, हे बघून ठरवा. पेट्रोल गाडी घेऊन बाहेरून किट बसवणार असाल, तर किट मंजूर प्रकारचं हवं आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावीच लागते. नोंद नसेल तर अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

८. इलेक्ट्रिक गाडीला खरंच काहीच लागत नाही?

बॅटरीवरच्या गाड्यांना केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार नोंदणी शुल्क माफ आहे आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कराची माफी आहे. बोजा, विमा, फास्टॅग हे खर्च राहतातच. थर्ड पार्टीचा हप्ता पेट्रोलपेक्षा १५ टक्के कमी: ३० किलोवॉटपर्यंत ५,५४३, ६५ पर्यंत ९,०४४, त्यावर २०,९०७, तीन वर्षांचे, जीएसटी वेगळा. हायब्रिड म्हणजे इलेक्ट्रिक नव्हे, हे बुकिंगच्या टेबलावर स्पष्ट करून घ्या. हिरवी पाटी मिळते ती फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला.

९. ‘हँडलिंग चार्ज’, ‘लॉजिस्टिक’, ‘आरटीओ एजंट’ असं लावलंय. द्यायचं का?

नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं, धुऊन-पुसून देणं, कागद पोर्टलवर चढवणं हे विक्रेत्याचंच काम आहे आणि त्याचा मोबदला त्याच्या नफ्यात धरलेला असतो. नव्या गाडीची नोंदणी आता विक्रेता स्वतःच्या लॉगिनमधून करतो. तयार बांधणीच्या नव्या मोटारीला तपासणीसाठी आरटीओत न्यावंच लागत नाही, मग एजंट कशासाठी?

वाद घालण्याची गरज नाही. कोटेशनवर प्रत्येक ओळ वेगळी लिहून आणि सही-शिक्का मारून मागा. आणि एवढंच म्हणा: “या रकमेची आरटीओची पावती मिळेल ना?” बहुतेक वेळा ती ओळ तिथेच निघते. ‘आरटीओ + इतर’ अशी एकत्र ओळ स्वीकारू नका, कारण लपवाछपवी त्या ‘इतर’मध्येच असते. प्रश्न ५ चे आकडे हातात ठेवून वजाबाकी करा.

१०. नंबरप्लेट आणि फास्टॅगचे वेगळे पैसे घेतात, बरोबर आहे का?

नंबरप्लेटचे नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची उच्च सुरक्षा पाटी कंपनीनेच द्यायची असते आणि तिची किंमत गाडीत धरलेली असते. फास्टॅगचे काही शे रुपये लागतात, पण त्यातली अनामत आणि शिल्लक तुमचीच असते. फास्टॅग तुमच्याच मोबाइल नंबरवर नोंदवून घ्या. शोरूमच्या नंबरवर राहिला, तर हातखंब्याच्या पुढे गेल्यावर शिल्लक कळायलाही त्यांनाच फोन करावा लागतो.

११. विमा शोरूमकडूनच घ्यायला हवा का?

सक्ती नाही. ‘बाहेरचा विमा घेतला तर नोंदणी होणार नाही’ हे खोटं आहे. पोर्टलला चालू पॉलिसी लागते, ती कुणी विकली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तीच आयडीव्ही, तीच अॅड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेली) कव्हर ठेवून बाहेरून दोन कोटेशन घ्या आणि शोरूमला दाखवा. फरक बरेचदा काही हजारांत निघतो. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आधीच्या एखाद्या पॉलिसीत असेल, तर तसं लिहून द्या, दुसऱ्यांदा पैसे भरू नका. मात्र कॅशलेस दुरुस्तीसाठी तुमच्या जवळचं वर्कशॉप त्या कंपनीच्या यादीत आहे का, हे आधी बघा. दापोली किंवा देवगडच्या माणसाला हे फार महत्त्वाचं आहे, कारण यादीतलं वर्कशॉप साठ-सत्तर किलोमीटरवर असू शकतं.

१२. अॅड-ऑनमध्ये कोकणात नेमकं काय घ्यावं?

खर्च कापायचा म्हणून सगळ्यात आधी इंजिन प्रोटेक्ट काढून टाकतात. आपल्या भागात तेच शेवटी काढायचं असतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, सावित्रीचं महाडमध्ये. अशा पुरात उभी गाडी बुडाली, तर साध्या ओन डॅमेज विम्यात सीट, वायरिंग, अंतर्भाग यांचं नुकसान मिळतं. पण पाणी ओसरल्यावर “चालू होते का बघू” म्हणून चावी फिरवली, की हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन तिथेच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचं नाही, चालू करण्याचं आहे, म्हणून साध्या पॉलिसीत ते नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट. तरीही चावी लावू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या आणि टो करून न्या.

दुसरं, झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर. दरडीचे दगड, अरुंद रस्त्यावरचा चिरा, समोरून येणारी एसटी, यांत बंपर आणि आरसे जास्त जातात, आणि प्लॅस्टिकवर एरवी निम्मा घसारा कापतात. गंज मात्र कुठल्याच पॉलिसीत नाही.

१३. खाऱ्या हवेसाठी शोरूमचं अंडरबॉडी कोटिंग नोंदणीसोबत घ्यावं का?

नोंदणीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ऑन-रोडच्या बेरजेत ते येऊ देऊ नका. समुद्रापासून जवळ राहत असाल तर संरक्षण हवंच, पण घाईत मारलेलं कोटिंग अपाय करतं. खालचा पत्रा ओला असताना वरून थर बसला, की ओल आत कोंडते आणि गंज थराखाली वाढतो. दारांच्या तळाशी आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) खाली पाणी निचरण्याची छोटी भोकं असतात, ती बुजली तर आणखी वाईट. कोटिंगनंतर खाली वाकून ती भोकं मोकळी आहेत का, ते काडी घालून पाहा.

१४. नोकरी मुंबईत, घर गावाला. गावच्या पत्त्यावर एमएच-०८ घेता येईल का? फायदा काय?

तुमच्या नावाचा गावचा पत्त्याचा पुरावा असेल तर येते. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. करात फायदा शून्य (प्रश्न २). विम्यात थोडा होतो, कारण मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरं झोन ‘ए’मध्ये धरतात आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग झोन ‘बी’मध्ये, जिथे ओन डॅमेजचा मूळ दर कमी आहे. आरसीचं पाकीट आणि पुढची सगळी पत्रं मात्र गावच्या पत्त्यावर येतील. घर बंद असेल तर पाकीट परत जातं, म्हणून कुणीतरी घेणारं हवं.

१५. आम्ही सावंतवाडीचे. गोव्यात गाडी घेऊन जीए नंबरवर वापरली तर?

विकत कुठेही घ्या, पण नोंदणी तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता त्या राज्यात करायची असते. पेडण्यातल्या पाहुण्याचा पत्ता दाखवून घेतलेला नंबर पुढे त्रास देतो, कारण समन्स, चलन, विम्याचा पत्रव्यवहार सगळं तिकडे जातं. खरोखर गोव्यात राहून परत आलात, तर बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे गाडी ठेवायची असल्यास महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत (फॉर्म २८), कर्ज असेल तर बँकेचंही, आणि इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे. आधी इथे कर भरायचा, मग उरलेल्या वर्षांचा परतावा तिकडे मागायचा, असा क्रम आहे. तेवढी रक्कम काही महिने अडकते, हे धरून चाला.

बदलीची नोकरी असेल तर बीएच मालिका बघा, म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणारा नंबर. संरक्षण दलं, केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांतल्या कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्यांना ती मिळते. तटरक्षक दल, सरकारी बँका, रेल्वे यांतले अनेक जण तिला पात्र आहेत. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, त्यामुळे सुरुवातीचा बोजा हलका होतो. पण मुदत चुकली की दिवसाला १०० रुपये दंड.

१६. रिसॉर्ट आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेऊ का?

सीएला विचारण्याआधी हा आकडा बघा: कंपनीच्या नावावरच्या मोटारीला कर २० टक्के. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १,४४,००० आणि कंपनीच्या नावावर २,४०,०००. पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवायचं असेल, तर खासगी नोंदणी चालत नाही. पिवळी पाटी, परवाना आणि त्याचा वेगळा विमा लागतो.

१७. चॉइस नंबरचा खर्च?

ऑगस्ट २०२४ मध्ये वाढलेल्या दरांनुसार चारचाकीला ०००१ चे ५ लाख, आणि मागणी जास्त असलेल्या मोठ्या शहरांत ६ लाख. इतर आवडीच्या नंबरांचे टप्पे त्याखाली उतरत जातात. एकाच नंबरासाठी दोन अर्ज आले तर लिलाव होतो. नंबर गाडीच्या नोंदणीआधी पक्का करावा लागतो, म्हणून शोरूमला बुकिंगच्या दिवशीच सांगा. नोंदणी होऊन गेल्यावर हळहळून उपयोग नाही.

१८. पाडव्याला गाडी दारात हवी. पैसे कधी भरायचे?

आठ-दहा दिवस आधी कर आणि विमा भरून झाला पाहिजे. पाडवा, दसरा, धनत्रयोदशीच्या आधी अर्जांची गर्दी होते आणि नंबर पडला नसेल तर विक्रेत्याला गाडी देता येत नाही. ‘आधी न्या, नंबर मागून देतो’ याला हो म्हणू नका. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर दंड बसतो आणि अपघात झाला तर विमाही अडचणीत येतो. कर भरल्याची पावती मागा आणि अर्ज क्रमांकाने परिवहनच्या संकेतस्थळावर स्थिती स्वतः पाहा. ‘आरटीओ’च्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल मात्र कधीही उघडू नका.

१९. जुनी गाडी नावावर करायला किती?

राज्यातल्या राज्यात पुन्हा एकरकमी कर नाही. हस्तांतरणाचं शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मं, म्हणजे ३०० रुपये, अधिक स्मार्ट कार्ड. फॉर्म २९ आणि ३०, विम्याची प्रत, पीयूसी. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. व्यवहाराआधी थकलेली चलनं आणि आरसीवरचा बोजा तपासा. कर्ज फिटलंय म्हणतात, पण फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलेला नसतो, आणि गाडी तिथेच अडकते. २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी नसेल, तर तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी.

२०. गाडीला पंधरा वर्षं झाली. ठेवू की मोडीत काढू?

नूतनीकरणाचं शुल्क मोटारीला ५,००० रुपये आणि वीस वर्षांपुढे १०,०००. त्यात पाच वर्षांचा पर्यावरण कर आणि तपासणीत नापास होऊ नये म्हणून करायची दुरुस्ती मिळवा. मुदत उलटली तर दरमहा ५०० रुपये जादा. किनाऱ्यावरच्या गाडीत खरा प्रश्न पैशांचा नसतो, चासीचा असतो. मागच्या सस्पेन्शनच्या बैठकीजवळ हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकून पाहा. आवाज बद आला किंवा पापुद्रे पडले, तर नूतनीकरणावर खर्च करू नका. मोडीत काढायची तर नोंदणीकृत केंद्रातच काढा आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ घ्या. ते दाखवल्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत आहे, राज्य त्या मर्यादेत आपला दर ठरवतं. प्रमाणपत्राचा क्रमांक नव्या गाडीचा कर भरण्यापूर्वी पोर्टलवर घातला गेला पाहिजे. भंगारवाल्याला रोखीनं दिलेल्या गाडीला यातलं काहीच मिळत नाही, आणि तिची आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते.